चिऊच्या ताटातून काय काय गेलं?

या वेळचं पत्र सातारा जिल्ह्यातून आलं आहे. चार पानी आहे. त्यातला गाभा इथे देते.

«ताई, माझी मुलगी सव्वादोन वर्षांची आहे. घरी तिला चिऊ म्हणतो. दहा महिन्यांची असताना एका बारशात कुणीतरी प्रेमानं तिच्या तोंडात कंदी पेढ्याचा कण घातला. दहा मिनिटांच्या आत अंगभर गांध्या उठल्या, ओठ सुजले, दोनदा उलटी झाली. दवाखान्यात इंजेक्शन दिलं तेव्हा उतरलं. डॉक्टरांनी दूध आणि दुधाचे पदार्थ बंद करायला सांगितले, ते आम्ही केले. वर्षाची झाल्यावर पुन्हा थोडं पुरळ आलं, म्हणून नात्यातल्या एकांच्या सांगण्यावरून लॅबमध्ये रक्त देऊन मोठी ॲलर्जी तपासणी करून घेतली. रिपोर्टात नव्वद पदार्थ होते. दूध, गहू, शेंगदाणा, तूर, खोबरं, केळं, टोमॅटो आणि अंडं यांच्यापुढे खुणा होत्या. त्या दिवसापासून हे सगळं बंद आहे. अंडं आम्ही कधी दिलंच नव्हतं, बाकीचं सगळं ती आधी खायची.

वर्षाची झाली तेव्हा वजन ८.८ किलो आणि उंची ७४ सेंमी होती. दीड वर्षाला ९ किलो भरली. आता ९.३ किलो आणि ८२ सेंमी. परवा अंगणवाडीताईंनी कार्डावर रेघ ओढून दाखवली आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. ॲलर्जीमुळे तिची वाढ खुंटली का? ती अशीच बुटकी राहील का? सासूबाई म्हणतात शेळीचं नाहीतर गीर गाईचं दूध द्या, काही होत नाही. ती रात्री अजून अंगावर पिते, मग मीही दूध सोडू का? आणि दिवाळी तोंडावर आली आहे, घरात खवा येणार. पण खरं विचारायचं ते हे : मीच माझ्या लेकीला उपाशी ठेवलं का?»

चिऊच्या आई,

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तोच तुम्हाला झोपू देत नसणार. नाही, तुम्ही तिला उपाशी ठेवलेलं नाही. पोरीचे ओठ डोळ्यांदेखत सुजलेले पाहिले होते तुम्ही. त्यानंतर छापील कागदावर आठ पदार्थांपुढे खुणा दिसल्या, तर कुठलीही आई ते आठही पदार्थ घराबाहेर काढेल. चूक झाली ती दुसरीकडे. कागद तुमच्या हातात देताना त्याचा अर्थ कुणी सांगितला नाही, आणि एवढं सगळं काढल्यावर त्या जागी काय घालायचं हेही कुणी सांगितलं नाही. वीस वर्षं मुलांच्या आहाराचं काम करते आहे. ॲलर्जी असलेली मुलं रोडावतात ती बहुतेक वेळा याच दोन कारणांनी.

आता आकड्यांकडे वळू. तुम्ही तीन वजनं तारखेसह उतरवून पाठवलीत, फार बरं केलंत. एका वजनावरून काही कळत नाही, तीन वजनांवरून गोष्ट कळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापांप्रमाणे वर्षाच्या मुलीचं मधलं वजन ८.९ किलो असतं, उंची ७४ सेंमी. म्हणजे पहिल्या वाढदिवसाला चिऊ अगदी मधोमध होती. दोन वर्षांच्या मुलीचं मधलं वजन साडेअकरा किलो, आणि तिच्या आजच्या वयाला बाराच्या आसपास. दुसऱ्या वर्षात मुली साधारण अडीच किलोनं वाढतात. चिऊ पंधरा महिन्यांत अर्धा किलो वाढली. उंची आज ८८ सेंमीच्या जवळपास अपेक्षित होती, ती ८२ आहे. कार्डावरची रेघ हिरव्या पट्ट्यातून पिवळ्यात उतरली ती अशी.

यात नीट पाहिलं तर एक क्रम दिसतो. आधी वजन अडलं, उंची त्याच्या मागून रेंगाळायला लागली. पोटात पुरेसं जात नाही किंवा गेलेलं अंगी लागत नाही, तेव्हा असं होतं. आनुवंशिक बुटकेपणात किंवा थायरॉइडच्या तक्रारीत सहसा उंची आधी मागे पडते आणि मूल अंगानं बरं दिसतं. आणखी एक : उंचीच्या मानानं तिचं वजन कमी आहे, पण तीव्र कुपोषणाच्या रेघेखाली गेलेलं नाही. अंगणवाडीत दंडाचा घेर मोजायची पट्टी असते, ती लावून घ्या. ११.५ सेंमीच्या खाली असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठायचं. तुमच्या आकड्यांवरून तसं नसावं, पण पट्टी लावून खात्री करा.

तर मग वाढ ॲलर्जीनं खुंटली का? दूध बंद करणं भागच होतं, पेढ्याचा प्रसंग निःसंशय ॲलर्जीचा आहे. पण ॲलर्जी स्वतः हाडं आखडून टाकत नाही. वाढ अडते ती ताट रिकामं झाल्यानं. कुठल्या मुलात आतड्याला सतत सूज राहून अन्न अंगी लागत नाही, कुठे इसबाच्या खाजेनं झोप उडालेली असते, कुठे भीतीनं मूल नवीन घासच घेत नाही. तुमच्या पत्रात जुलाब, शौचातून रक्त, सतत खाज यांपैकी काही नाही, म्हणून मी ताटाकडे बोट दाखवते आहे. अमेरिकेत २००२ साली अन्नाची ॲलर्जी असलेल्या आणि नसलेल्या मुलांची तुलना करणारा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन किंवा जास्त पदार्थांची ॲलर्जी असलेली मुलं एकाच पदार्थाची ॲलर्जी असलेल्यांपेक्षा उंचीनं कमी निघाली. त्याच अभ्यासात हेही दिसलं, की ज्यांना आहाराचा नीट सल्ला मिळाला होता त्यांच्यात कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व कमी पडण्याची शक्यता कमी होती. यादी जितकी लांब तितका धोका मोठा, आणि तो भरून काढता येतो, असं मी त्यातून घेते.

म्हणून तुमच्या यादीकडे येते. तो रिपोर्ट पुन्हा हातात घ्या आणि वरच्या बाजूला आयजीई लिहिलंय की आयजीजी ते पाहा. ही रक्तातल्या दोन वेगवेगळ्या प्रतिपिंडांची नावं आहेत. आयजीजी असेल तर तो कागद ॲलर्जीसाठी कामाचाच नाही. शरीरानं एखादा पदार्थ ओळखलाय, म्हणजे मूल तो खात आलंय, एवढंच आयजीजी सांगतं. आयजीई असेल तर त्याला अर्थ आहे, पण तोही अर्धाच. रक्तात आयजीई सापडणं वेगळं आणि तो पदार्थ खाल्ल्यावर त्रास होणं वेगळं. कर्नाटकात प्रौढांवर झालेल्या एका मोठ्या पाहणीत २६.५ टक्के लोकांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या खाद्यपदार्थाविरुद्ध आयजीई सापडलं, पण खरोखरची ॲलर्जी असावी असे लोक जेमतेम १.२ टक्के निघाले. नव्वद पदार्थांची जाळी टाकून रक्त तपासलं की काहीबाही अडकणारच. म्हणूनच जाणते ॲलर्जीतज्ज्ञ आधी विचारतात, काय खाल्लं, किती वेळानं काय झालं. त्यावरून संशय येईल तेवढेच दोन-तीन पदार्थ तपासतात. शेवटची खात्री होते ती त्यांच्या डोळ्यांसमोर तो पदार्थ थोडा थोडा खायला घालून.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं : «बाकीचं सगळं ती आधी खायची.» पोळीचा तुकडा चघळत होती, वरण-भात खात होती, केळं खात होती, शेंगदाण्याचं कूट घातलेली भाजी खात होती, आणि काहीही होत नव्हतं. ते खाणं हीच तिची खरी तपासणी होती, आणि त्यात ती पास झाली होती. वर्षाच्या सुमाराचं पुरळ कशानं आलं हे त्या रिपोर्टानं सांगितलेलं नाही. या वयात पुरळ साध्या विषाणूनंही येतं.

पण उद्याच शेंगदाण्याचा लाडू तिच्या हातात देऊ नका, हे कळकळीनं सांगते. जो पदार्थ मूल बिनत्रास खात होतं तो वर्षभर बंद ठेवला, तर काही मुलांत शरीराची त्याच्याशी असलेली ओळख मोडते, आणि पुन्हा दिल्यावर खरी ॲलर्जी उसळू शकते. विनाकारण पथ्य नको असं मी म्हणते त्याचं हेही एक कारण. तेव्हा एकदा बालॲलर्जीतज्ज्ञांकडे जा. पुण्या-मुंबईला आहेत, आणि जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या बालरोग विभागातही चौकशी करा. जाताना रिपोर्ट न्या, पेढ्याच्या दिवशी काय काय झालं ते वेळेनिशी लिहून न्या, आणि कुठला पदार्थ आधी किती वेळा खाल्ला होता याचा कागद न्या. गहू, तूर, केळं, टोमॅटो, खोबरं हे बहुधा एकेक करून घरीच सुरू करायला सांगतील, शेंगदाणा आणि अंडं त्यांच्यासमोर. शेंगदाण्याचं घाबरू नका. इंग्लंडमध्ये झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात, तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या तान्ह्या मुलांना चार ते अकरा महिन्यांच्या वयातच नियमानं शेंगदाणा द्यायला सुरुवात केली. पाच वर्षांची झाल्यावर, शेंगदाणा टाळलेल्या मुलांपैकी १७ टक्क्यांना त्याची ॲलर्जी निघाली, खाणाऱ्यांत ३ टक्क्यांना. टाळून ॲलर्जी टळते हा समज तेव्हापासून मागे पडला. मात्र अख्खा दाणा पाच वर्षांच्या आत नकोच, तो ठसक्यानं श्वासनलिकेत जातो. कूटच द्यायचं.

गव्हाबद्दल आणखी एक. वजन न वाढणाऱ्या मुलात डॉक्टर सीलिॲक आजाराची तपासणी करतात. हा गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला होणारा आजार आहे, साध्या ॲलर्जीपेक्षा वेगळा. पण मूल गहू खात नसेल तर ती रक्ततपासणी खोटीच चांगली येऊ शकते. चिऊचा गहू वर्षभर बंद आहे हे डॉक्टरांना आधी सांगा. हिमोग्लोबिन, ड जीवनसत्त्व, लघवी हेही ते बघतीलच.

आता तिचं आजचं ताट. तुम्ही लिहिलंय : सकाळी तांदळाची पेज, दुपारी मऊ भात, मुगाच्या डाळीचं पाणी आणि उकडलेला बटाटा, चारला सफरचंद, संध्याकाळी पाकिटातलं राइस मिल्क, रात्री पुन्हा पेज.

एक करून बघा. उद्या डाळ शिजली की वरचं पाणी एका वाटीत काढा आणि खालची घट्ट डाळ दुसऱ्या वाटीत. पहिली वाटी पिवळी, मिठाची, चवीला छान, पण तिच्यातून चमचा फिरवला तर चमच्याला काही लागत नाही. दुसऱ्या वाटीत चमचा उभा राहतो. प्रथिनं त्या दुसऱ्या वाटीत आहेत. आपल्याकडे लहान मुलाला वरणाचं पाणी द्यायची पद्धत इतकी मुरलेली आहे, की दोन वर्षांचं दातवालं मूलही महिनोन् महिने पाण्यावर राहतं आणि आई म्हणते, डाळ तर रोज देते. तीस ग्रॅम कोरड्या मूगडाळीत सात ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. तिच्या वयाला दिवसाला साडेबारा ग्रॅम लागतात, आणि मागे पडलेलं भरून काढायचं तर त्याहून जास्त. तुम्ही लिहिलेल्या ताटातून, भाताचे धरूनही, सात-आठ ग्रॅमच्या पुढे मिळत नसणार.

आणि ते राइस मिल्क कृपा करून आजच थांबवा. नाव दूध असलं तरी ते तांदळाचं गोड पाणी आहे, प्रथिनं जवळपास नाहीत. २००१ साली अमेरिकेतल्या एका बालरोगविषयक नियतकालिकात दोन मुलांची हकीकत आली होती. त्यातलं बावीस महिन्यांचं एक मूल दूध सोसत नाही या समजुतीनं राइस मिल्कवर ठेवलेलं होतं. त्याला क्वाशिओर्कर झाला, म्हणजे प्रथिनांच्या अभावी अंगावर सूज येणारं कुपोषण. सुखवस्तू देशात, काळजी घेणाऱ्या घरात. बदामाच्या पाकीटबंद दुधाचीही प्रथिनांच्या बाबतीत तीच गत.

मग दुधाच्या जागी काय? डॉक्टरांनी सोया चालेल असं सांगितलं तर बिनसाखरेचं, कॅल्शियम घातलेलं सोयादूध. दुधाची ॲलर्जी असलेल्या थोड्या मुलांना सोयाचीही असते, म्हणून आधी विचारायचं. पाकिटावर १०० मिलिलिटरला १२० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि तीन ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लिहिलेली असली तर ते घ्या. दिवसाला ४०० मिलिलिटर, दोन पेले, पुरेत. त्याहून जास्त दिलं तर जेवणाची भूक मरते. आणि ओतण्याआधी पाकीट जोरात हलवायचं. घातलेलं कॅल्शियम तळाशी बसतं, न हलवता ओतलं तर ते पाकिटासोबत कचऱ्यात जातं. घरी केलेल्या सोयादुधात हे वरून घातलेलं कॅल्शियम नसतं. सोया चालत नसेल तर दुधातली प्रथिनं बारीक तोडून बनवलेली खास पावडर मिळते. महाग आहे, पण काही महिन्यांसाठी तरी डॉक्टर ती सुचवतील.

तुम्ही विचारलंय, नाचणीनं कॅल्शियम भरून निघेल ना? नाचणी उत्तम आहे, रोज द्या, पण हिशोब मांडू. तिला दिवसाला ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असतं. म्हणजे नुसत्या नाचणीवर भागवायचं तर रोज १४० ग्रॅम पीठ तिच्या पोटात जायला हवं. सव्वानऊ किलोच्या पोरीला ते जमणार नाही. दोन मोठे चमचे पिठातून सत्तर मिलिग्रॅम मिळतं, आणि त्यातलंही सगळं अंगी लागत नाही. शिवाय आपण नाचणीचं सत्त्व करतो तेव्हा फडक्यातून गाळून चोथा टाकतो. नाचणीचं बरंचसं कॅल्शियम त्या सालीतच असतं. सहा-सात महिन्यांच्या बाळाला गाळलेलं ठीक. चिऊला आता नाचणी भिजवून, मोड आणून, सावलीत वाळवून, भाजून, दळून आणा आणि न गाळता शिजवा. मोड आणल्यानं कॅल्शियम आणि लोह शोषायला अडथळा आणणारा फायटेट कमी होतो. जोडीला शेवग्याचा कोवळा पाला डाळीत, राजगिऱ्याचं पीठ, आणि डॉक्टर देतील ते कॅल्शियमचं औषध. औषधाला कमीपणा मानू नका, सध्या ते लागणारच आहे. ड जीवनसत्त्वाचे थेंबही विचारा, या वयाला रोज ६०० एकक लागतं. लोहाचं औषध दिलं तर ते आणि कॅल्शियम एका वेळी देऊ नका, मध्ये दोन तास जाऊ द्या.

तिचं पोट लहान आहे, म्हणून प्रत्येक घासात जोर हवा. पेज पातळ असते, वाटीभर पिऊन पोट भरतं आणि हाती काही लागत नाही. तिच्या जागी घट्ट मूगडाळ खिचडी, वर दोन चमचे तेल. एका चमच्यात ४५ कॅलरी. तूप नको. तूप कितीही कढवलं तरी दुधाच्या प्रथिनाचा अंश राहतो. तुमच्याकडे घाण्याचं शेंगदाणा तेल वापरतात असं लिहिलंय. घाण्याच्या तेलात शेंगदाण्याचं प्रथिन उतरतं, म्हणून शेंगदाण्याचा निकाल लागेपर्यंत तिच्यासाठी सूर्यफुलाचं ठेवा. सकाळी मोडाच्या नाचणीची खीर गूळ आणि सोयादुधात, दहाला मुगाचं मऊ धिरडं, दुपारी घट्ट डाळ-भात आणि पालेभाजी, वर लिंबू पिळून, चारला रताळं किंवा राजगिऱ्याची लापशी, रात्री खिचडी किंवा ज्वारीची भाकरी डाळीत कुस्करून. गहू, केळं, तूर परत आले की हात मोकळा होईल. पाच-सहा वेळा, थोडं थोडं, आणि मागे धावून भरवायचं नाही.

अंगणवाडीतून मिळणाऱ्या पाकिटाबद्दल सावध करते. घटकांत दूध पावडर असू शकते, पाहिल्याशिवाय देऊ नका. कुपोषित मुलांना देतात ती ऊर्जेची पेस्ट शेंगदाणे आणि दूध पावडर यांचीच असते, आणि रुग्णालयात वजन वाढवायला देतात तो आहारही दुधाचा असतो. देणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, पण चिऊची ॲलर्जी त्यांना तुम्हीच सांगायला हवी. दुकानातल्या पाकिटावर दूध असल्याची सूचना छापणं आपल्याकडे कायद्यानं बंधनकारक आहे. घटकांखाली 'कंटेन्स' असा शब्द इंग्रजीत असतो, तिथे बघा. व्हे, केसीन, मिल्क सॉलिड्स म्हणजे दूधच.

सासूबाईंना काय सांगायचं? त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांचाही जीव नातीसाठी तुटतोय. एवढंच सांगा : गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या दहांतल्या नऊ मुलांना शेळीचं दूधही सोसत नाही, कारण दोन्हींतली प्रथिनं जवळपास सारखी. म्हशीचंही तेच. गीर गाईच्या दुधाला ए-टू म्हणतात ते त्यातल्या एका प्रथिनातल्या एका कणाच्या फरकामुळे. बाकीची सगळी प्रथिनं नेहमीच्या गाईचीच, त्यामुळे ॲलर्जी टळत नाही. उकळूनही हे प्रथिन मोडत नाही. आणि दुधातली साखर न पचून पोट फुगणं हा निराळाच प्रकार. तुमच्या शेजारच्या मुलाला लॅक्टोज-फ्री दूध चाललं म्हणून चिऊला चालणार नाही, त्यात प्रथिन तसंच असतं. खिचडी घट्ट करणं आणि नाचणीला मोड आणणं आजींकडे सोपवा. नाचणी त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगली कळते.

तुम्ही दूध सोडू नका. सव्वादोन वर्षं तुम्ही चहा-दही घेताय, ती अंगावर पितेय आणि तिला काही झालेलं नाही. मग आज सोडून काय मिळणार? तुमची हाडं तेवढी झिजतील.

ज्या दिवशी चुकून दूध पोटात जाईल त्या दिवसाची तयारी आजच करा. नुसत्या गांध्या आल्या तर डॉक्टरांनी दिलेलं ॲलर्जीचं औषध. पण आवाज घोगरा झाला, खोकला किंवा धाप लागली, घुसमटली, मलूल पडली, किंवा गांध्यांसोबत वारंवार उलट्या झाल्या, तर त्या औषधाची वाट पाहू नका. तिथे ॲड्रिनलिनचं इंजेक्शनच लागतं, मांडीत. स्वतः टोचायचं तयार पेन आपल्याकडे सहज मिळत नाही, म्हणून जवळचा कुठला दवाखाना रात्रीसुद्धा ते देतो हे विचारून ठेवा आणि १०८ ला फोन करा. तिला आडवं ठेवा, पाय थोडे उंच. धाप लागली असेल तर बसू द्या. उभं करून चालवू नका. हे सगळं एका कार्डावर लिहून अंगणवाडीत, आजोळी आणि शेजारी एकेक प्रत द्या. आपल्याकडे आनंदाची बातमी आली की आधी पेढा हातात येतो, आणि तीर्थ म्हणून पंचामृत. बारशा-पूजेच्या घरात पाऊल टाकतानाच यजमानांना मोठ्यानं सांगायचं, तिला काहीही देऊ नका. संकोच करू नका.

ती अशीच राहील का, या प्रश्नाचं उत्तर मी मुद्दाम शेवटी ठेवलं. दुधाची ॲलर्जी बहुतेक मुलांची शाळेच्या वयापर्यंत जाते. दर सहा ते बारा महिन्यांनी तपासत राहायचं. पुष्कळ मुलांना केकसारख्या पदार्थात पिठासोबत बराच वेळ भाजलं गेलेलं दूध आधी सोसायला लागतं, पण तो प्रयोग रुग्णालयातच, घरी नानकटाईचा तुकडा देऊन नाही. आणि वाढ? खाणं नीट सुरू झालं की दोन-तीन आठवड्यांत वजनाचा काटा हलायला हवा. या वयात महिन्याला दोनशे ग्रॅम ही साधारण चाल आहे. चिऊ मागे असल्यानं सुरुवातीला त्याहून जास्त वाढायला हवी. उंची वजनाच्या मागून येते, तिला काही महिने द्या. महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर, अंगावर कमीत कमी कपडे ठेवून वजन, आणि तीन महिन्यांनी उंची. रोज वजन करू नका, घरातली सगळ्यांची मनं त्या काट्यावर टांगली जातात. दोन महिन्यांत रेघ वर वळली नाही तर डॉक्टरांनी इतर कारणं शोधायलाच हवीत. दोन वर्षांच्या मुलीला भरून काढायला अजून पुष्कळ वाव आहे, हे मी तुमच्या समाधानासाठी म्हणत नाहीये.

राहिली दिवाळी. शंकरपाळे दूध-तुपाऐवजी पाणी, साखर आणि तेलाच्या मोहनाचे होतात आणि छान खुसखुशीत होतात. गहू-मैद्याला परवानगी मिळेपर्यंत तांदळाच्या पिठाची मऊसर शेव करा, आणि चुरमुऱ्यांचा चिवडा, दाणे न घालता. तिचं सगळं पहिल्या दिवशी तळा, नव्या तेलात, धुतलेल्या कढईत, आणि झाकणाला तिचं नाव चिकटवलेल्या डब्यात भरून वरच्या फळीवर ठेवा. खव्याच्या करंज्या त्यानंतर.